तळ्यातला राक्षस बघायला बसण्याआधी

तळ्यातल्या राक्षसाच्या स्वस्त सिनेमांची गोष्ट साधारण अशी असते. गावाबाहेर तळं. एके रात्री गळ टाकून बसलेला म्हातारा नाहीसा होतो. फौजदार म्हणतो, मगर असेल. शहरातून एक शास्त्रज्ञ येतो, बरोबर देखणी सहकारी असते, आणि दोघं पाण्याच्या बाटल्या उन्हात धरून गंभीर चेहऱ्यानं बघत राहतात. हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळं गावचा पुढारी तळं बंद करायला तयार नसतो. शेवटच्या दहा मिनिटांत राक्षस पाण्याबाहेर येतो. तो रबराचा असतो.

एवढ्या भांडवलावर ढिगानं सिनेमे निघालेत. कोल्हापूरच्या माणसाला यात परकं असं काही नाही. रंकाळ्याच्या तळाशी रंकभैरवाचं सोन्याचं देऊळ बुडालंय, हे आपण लहानपणी ऐकलेलं असतं. नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तो तळ्याला पोचला की प्रलय, हेही ऐकलेलं असतं. पाणी उतरलं की तळ्यातला दगडी संध्यामठ वर येतो, पाऊस झाला की पुन्हा बुडतो. अमेरिकेतल्या एखाद्या निर्मात्याला हे फुकटात सापडलं असतं तर त्यानं तीन भाग काढले असते.

अडचण एवढीच की नवखा माणूस या सिनेमांत भलत्याच दारानं शिरतो. मोबाईलवर कुठलातरी संगणकावर केलेला मासा समोर येतो, पंधरा मिनिटांत कंटाळा येतो, आणि ‘असलं काय बघायचं’ म्हणून प्रकरण कायमचं मिटतं. ते टाळण्यासाठी या पायऱ्या. माझं मत आधीच सांगून टाकतो: खोटा राक्षस मला चालतो, कंटाळा चालत नाही. पुढची सगळी वर्गवारी याच एका गोष्टीवर आहे.

पहिली पायरी : तळंच का, ते समजून घ्या

कारण पैसा. तळं म्हणजे बांधून मिळालेला सेट. भरती-ओहोटी नाही, लाटांनी कॅमेरा भिजत नाही, एक भाड्याची होडी, चार नट आणि काठावरची एक लाकडी खोली असली की दोन आठवड्यांचं काम भागतं. त्यात गढूळ पाणी निर्मात्याचा सगळ्यात मोठा मित्र. जंगलातला राक्षस डोक्यापासून पायापर्यंत बनवावा लागतो. पाण्यातल्याचं नुसतं डोकं बनवा, नाहीतर पाठीवरचा उंचवटा. तेवढेही पैसे नसतील तर दोरीला ओंडका बांधून पाण्याखालून ओढा, वर तरंग उठले की काम झालं. उरलेला राक्षस प्रेक्षक स्वतःच्या खर्चानं तयार करतो.

या सगळ्याचं मूळ घराणं स्कॉटलंडमधलं लॉख नेस. हे तळं सुमारे ३७ किलोमीटर लांब आहे, सगळ्यात खोल जागी २३० मीटरच्या आसपास, आणि आजूबाजूच्या कुजकट गवताळ मातीमुळं पाणी इतकं काळपट की थोड्या अंतरापलीकडं काही दिसत नाही. १९३३ मध्ये तिथं काहीतरी दिसल्याच्या बातम्यांचा धुरळा उडाला. १९३४ मध्ये लंडनच्या ‘डेली मेल’नं लांब मानेच्या प्राण्याचा तो जगप्रसिद्ध फोटो छापला. पुढं १९९४ मध्ये उघड झालं की ती दुकानातली खेळण्यातली पाणबुडी होती, तिच्यावर मान-डोकं चिकटवलेलं. म्हणजे मूळ पुरुषच कमी खर्चाचा. मग वारसांना कशाला नावं ठेवायची?

त्याच १९३४ साली ‘द सीक्रेट ऑफ द लॉख’ हा ब्रिटिश सिनेमा आला. त्यात राक्षस म्हणून चक्क एक इग्वाना, म्हणजे आपल्या घोरपडीसारखा दिसणारा सरडा, जवळून चित्रित करून मोठा दाखवलाय. त्या सिनेमाचं संकलन केलं होतं डेव्हिड लीननं, ज्यानं पुढं ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ काढला. सरडे जोडताजोडता माणूस कुठं जाईल सांगता येत नाही.

दुसरी पायरी : कुठला सिनेमा आधी

क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

सुरुवात ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’पासून करा. १९५४ चा, युनिव्हर्सल कंपनीचा, कृष्णधवल, सव्वा तासाहून थोडा मोठा. हा तसा गरीब सिनेमा नाही. मोठ्या स्टुडिओचा आहे आणि त्या वेळी थ्रीडीत दाखवलेला. पण नंतरच्या सगळ्यांनी याचीच नक्कल केली, त्यामुळं मूळ पाहिल्याशिवाय नकलेतली गंमत कळत नाही. ॲमेझॉनमधला डोह, माशासारखा माणूस, आणि वर पोहणाऱ्या बाईच्या बरोबर खाली, तिच्याच चालीनं पोहणारा तो प्राणी. हा प्रसंग आजही अंगावर येतो. प्राण्याचं रूप रेखाटलं मिलिसंट पॅट्रिक या चित्रकर्तीनं, आणि श्रेय मात्र बराच काळ तिच्याच खात्यातल्या दुसऱ्यानं घेतलं. नावं वाचताना हे लक्षात ठेवा.

दुसरा ‘अटॅक ऑफ द जायंट लीचेस’, १९५९. फ्लोरिडाच्या दलदलीत माणसाएवढ्या जळवा. अवघा ६२ मिनिटांचा. जळवा म्हणजे काळं प्लास्टिक पांघरलेली माणसं, आणि नीट बघितलंत तर आतल्या पाणबुड्याचं हवेचं नळकांडं पाठीवर उठून दिसतं. गंमत अशी की यातला दुकानदार, त्याची बायको आणि तिचा प्रियकर यांचं प्रकरण जळवांपेक्षा जास्त दमदार आहे. बंदूक घेऊन दोघांना चिखलात हाकणारा तो नवरा बघताना जळवांची आठवणही राहत नाही. हा सिनेमा अमेरिकेत हक्कमुक्त आहे आणि इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या साइटवर उघडपणे बघता येतो, म्हणजे शिकाऊ माणसाचा खर्च शून्य. बाकीचे मात्र अधिकृत ठिकाणीच शोधा. टेलिग्रामवरच्या लिंका उघडून मोबाईलमध्ये खरा राक्षस घेऊ नका.

तिसरा ‘द क्रेटर लेक मॉन्स्टर’, १९७७. तळ्यात उल्का पडते, पाणी तापतं, तळाशी पडलेलं प्राचीन अंडं उबतं आणि लांब मानेचा जलचर बाहेर येतो. यातला राक्षस स्टॉप मोशननं केलाय. छोटी बाहुली केसभर हलवायची, एक फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला चोवीस चित्रं. सिनेमा रडतखडत चालतो, पण बाहुली ज्या ज्या वेळी पडद्यावर येते त्या वेळी कोणीतरी रात्ररात्र बसून काम केलंय हे जाणवतं.

मग पाहिजे तर ‘लेक प्लॅसिड’, १९९९. याला पैसा बऱ्यापैकी लागलेला आहे, संवाद खुसखुशीत आहेत. लेक प्लॅसिड हे नाव आधीच दुसऱ्याला गेलंय म्हणून यातल्या तळ्याला वेगळं नाव पडलं, असं एक पात्रच सांगतं. राक्षस म्हणजे अवाढव्य मगर. आपल्याकडं भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णाकाठी खऱ्या मगरी पाहिलेल्या माणसाला बरोबर घेऊन बसा. तो सांगेल की मगर अशी गर्जना करत फिरत नाही, ती लाकडासारखी पडून असते, आणि भीती त्या पडून राहण्याचीच असते. या सिनेमाचे पुढचे भाग टीव्हीसाठी निघाले. ते शेवटी ठेवा, किंवा ठेवू पण नका.

तिसरी पायरी : मंडळी आणि फराळ

एकट्यानं बघू नका. चार-पाच जण हवेत. तालमीच्या मागच्या खोलीत नाहीतर गच्चीवर चादर बांधून प्रोजेक्टर लावला तर उत्तम. घरचा टीव्हीही चालतो, मोबाईल अजिबात नको. मंडळींत एक तरी असा हवा जो पडद्याशी मोठ्यानं बोलतो: “आयला, माघारी फिर की खुळ्या, पाण्यात काय ठेवलंय?” पण असे दोन नकोत, दोन झाले की सिनेमा राहतो बाजूला. आणि पहिली वीस मिनिटं त्यालाही गप्प बसवा. वातावरण धरायला तेवढा वेळ द्यावा लागतो. सुरुवातीपासून खिदळलं की शेवटच्या खिदळण्यात मजा राहत नाही.

खायला भडंग. तांबडा-पांढरा रस्सा नको. हात गुंततात आणि तासाभरात डोळे मिटायला लागतात.

चौथी पायरी : राक्षसाकडं नको, पाण्याकडं बघा

नवशिक्यानं शिकायची ही सगळ्यात मोठी गोष्ट. रबर, रंग, दात यांत माणूस बरीच लबाडी करू शकतो. पाणी लबाडी करू देत नाही. कारण थेंब लहान करता येत नाही. दीड फुटाची बाहुली टाकीत आपटली तर उडणारा थेंब तिच्या डोक्याएवढा दिसतो आणि डोळ्याला लगेच कळतं की हे तळं नाही, टाकी आहे.

यावर उतारा आहे तो कॅमेऱ्याच्या वेगाचा. लहान प्रतिकृतीला पडायला अंतर कमी, म्हणून ती पटकन पडते; खऱ्या मोठ्या वस्तूला अंतर जास्त, म्हणून वेळ लागतो. म्हणून लहान प्रतिकृतीचं चित्रण जास्त वेगानं करायचं आणि नेहमीच्या वेगानं दाखवायचं, म्हणजे ती जड वाटते. जुना हिशेब सोपा आहे: प्रतिकृती जितक्या पट लहान, त्याच्या वर्गमुळानं वेग वाढवा. सोळा पट लहान असेल तर चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं. पण जास्त वेग म्हणजे जास्त फिल्म आणि जास्त प्रकाश, दोन्हींना पैसे. म्हणून गरीब सिनेमात राक्षस डुबकी मारतो तेव्हा पाणी बादलीतल्यासारखं चुळबुळतं. ते चुळबुळलं की समजायचं, निर्मात्याचं पाकीट इथं संपलं.

राक्षसाच्या पोशाखात माणूस असेल तर बुडबुड्यांकडं लक्ष ठेवा. १९५४ च्या त्या सिनेमात पाण्याखालची सगळी कामं रिकू ब्राउनिंग नावाच्या पोहणाऱ्यानं केली, फ्लोरिडाच्या वाकुला स्प्रिंग्सच्या नितळ पाण्यात. पोशाखात हवेच्या टाकीला जागाच नव्हती. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवलेल्या नळीतून श्वास घ्यायचा, तो रोखायचा आणि चौकटीत पोहत यायचं. जमिनीवरचा राक्षस दुसराच माणूस, बेन चॅपमन. दोघांची चाल वेगळी आहे. एकदा हे कळलं की तुम्ही पूर्ण सिनेमा ‘आता कोण, आता कोण’ करत बघता. पाच वर्षांनंतरच्या जळवांना असा पोहणारा कुठला मिळायला! तिथं हवा पाठीवरच बांधलेली, आणि ती लपवायला वेळ नाही.

तरंगणं हीदेखील साधी गोष्ट नाही, आणि ती श्रीमंतांनाही नडते. हॉलिवूडचा बडा दिग्दर्शक बिली वाइल्डर यानं ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स’साठी लॉख नेसवर सुमारे ९ मीटरचा राक्षस बांधून घेतला होता. पाठीवरचे उंचवटे त्याला आवडले नाहीत, ते काढायला लावले. तरंगायला मदत होत होती ती त्यांचीच. राक्षस ओढत नेताना थेट तळाला गेला, आणि मग तो प्रसंग स्टुडिओतल्या टाकीत करावा लागला. सिनेमा १९७० मध्ये आला. २०१६ मध्ये एका यंत्रमानवानं लॉख नेसचा तळ धुंडाळला तेव्हा तो लांब मानेचा आकार जसाच्या तसा सापडला. लॉख नेसमध्ये राक्षस खरंच आहे, फक्त तो सिनेमावाल्यांचा आहे.

पाचवी पायरी : रात्र ओळखा

रात्री चित्रण करायचं म्हणजे दिवे, जनरेटर, जादा माणसं. म्हणून भर उन्हात चित्रण करायचं, प्रकाश कमी घ्यायचा, वर निळसर छटा चढवायची आणि रात्र म्हणून खपवायचं, ही जुनी युक्ती. ओळखायच्या खुणा सोप्या: जमिनीवर करकरीत सावल्या, पाण्यावर सूर्याचा चकचकाट, आणि आकाश उजळ असूनही कोणाच्या हातात कंदील. ‘क्रेटर लेक’मध्ये तर अशी दृश्यं आहेत की माणसं रात्रीच्या गप्पा मारतात आणि मागं लख्ख दुपार असते.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला इथं हसायचा खास हक्क आहे. कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरून चित्रण केलं, तेही स्वतः कॅमेरा घडवणाऱ्या माणसानं. साधनं हाताशी नसणं ही तेव्हाही अडचण होती. त्यांनी अडचणीवर उपाय शोधला, क्रेटर लेकवाल्यांनी प्रेक्षक विसरेल अशी आशा धरली.

सहावी पायरी : घड्याळ लावा

वही-पेन जवळ ठेवा आणि राक्षस पहिल्यांदा पूर्ण दिसतो ती वेळ लिहा. उशिरा दिसला म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. १९७५ च्या ‘जॉज’मध्ये यांत्रिक मासा खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत होता, म्हणून तो तासाहून अधिक वेळ जवळजवळ दिसतच नाही, आणि त्यानंच सिनेमा तरला. पण त्या तासात काय चाललंय ते बघा. पोलीस प्रमुखाला पाण्याची भीती आहे, नगराध्यक्षाला धंद्याची काळजी आहे, एका आईनं मुलगा गमावलाय. वाट बघण्यात माणसं आहेत.

गरीब सिनेमा हरतो तो इथं. राक्षस महाग, म्हणून दाखवायचा नाही, हे बरोबर. पण मग तासभर करायचं काय, याचं उत्तर लेखकाकडं नसतं. मग गाडी येते, थांबते, दार उघडतं, माणूस उतरतो, दार लावतो, चालत जातो, आणि आपण त्याची पाठ बघत बसतो. तोच पक्षी त्याच फांदीवरून पुन्हा उडतो. ‘क्रेटर लेक’मध्ये होड्या भाड्यानं देणारे दोन रिकामटेकडे आहेत, त्यांची भांडणं इतकी लांबतात की राक्षसानं यांना आधी का नाही खाल्लं असं मनात येतं. कागद आणि पेनाला कोणी जास्त पैसे मागत नाही, त्यामुळं हा दोष मी बजेटच्या खात्यावर टाकत नाही. हिंदीत भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंकडं तरी कुठं पैसा होता? सात भाऊ मिळून घरचंच युनिट, आणि १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं थेटरं भरवली. आपल्या ‘झपाटलेला’त तर एक बाहुला आहे, बाहुला म्हणूनच दिसतो, आणि तरी १९९३ पासून पोरं त्याच्या नावानं दचकतायत. बाहुल्याला बोलायला काहीतरी दिलं होतं, एवढाच फरक.

सातवी पायरी : काय माफ करायचं नाही

राक्षसाच्या पोशाखाची झिप दिसली, माफ. स्कॉटलंड म्हणून कॅलिफोर्नियाच्या हद्दीतलं ताहो तळं दाखवलं, जसं १९८२ च्या ‘द लॉख नेस हॉरर’मध्ये, तेही माफ. उलट पुढच्या वेळी डोंगर ओळखायची शर्यत लावता येते.

जिवंत सरड्यांना पंख-शिंगं चिकटवून एकमेकांवर सोडणं मात्र मला बघवत नाही. जुन्या काळी हा प्रकार सर्रास चालायचा. असं दृश्य आलं तर सरळ पुढं ढकला, कथेचं काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट, आधी कोण मरतं ते बघा. ॲमेझॉनमध्ये स्थानिक मदतनीस, दलदलीत गरीब शिकारी, तळ्यावर मासे धरणारा. बहुतेकांना धड नाव नसतं. ज्याला ते तळं खरं माहीत आहे तो पहिल्या अर्ध्या तासात गेला की सिनेमा तळ्याबद्दल काहीच न कळणाऱ्या माणसांच्या हातात उरतो.

तिसरा प्रकार नव्या जमान्यातला: मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे. २००९ च्या ‘मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस’मध्ये शार्क उडी मारून आकाशातलं विमान धरतो. मासा समुद्रातला आहे, पण रोग तळ्यापर्यंत पसरलाय. पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की बनवणाराच आपल्याकडं बघून डोळा मारतोय, आणि आपल्याला शोधायला काही उरलेलं नाही. जळवांचं नळकांडं दिसतं तेव्हा त्या माणसानं लपवायचा जिवापाड प्रयत्न केलेला असतो. माझं मन त्याच्या बाजूला जातं. यावर मंडळींत वाद होईल, होऊ द्या.

आठवी पायरी : घरी करून बघा

दोन-तीन सिनेमे झाले की हात शिवशिवतात. रंकाळ्यात उतरू नका. जलपर्णी पायात अडकते, आणि लोक जमा होतात ते वेगळंच. घंगाळ नाहीतर मोठा टब घ्या, पाण्यात थोडी काळी चहापूड उकळून गाळून ओता म्हणजे तळ दिसत नाही. सहा इंचाचा रबरी डायनासोर घ्या, पोटाखाली बारीक दगड बांधा आणि नाकात नायलॉनचा दोरा ओवा. दगडाचं वजन थोडंथोडं बदलत राहा. मान वर आणि पाठ बुडालेली असं यायला बराच वेळ जातो, आणि तेवढ्यात वाइल्डरबद्दल सहानुभूती वाटायला लागते.

मोबाईल पाण्याला लागून, अगदी पृष्ठभागाच्या उंचीवर धरा. वरून घेतलात तर खेळणं खेळणंच दिसतं. स्लो मोशनला १२० चा वेग ठेवा. २४ च्या पाचपट, म्हणजे वरच्या हिशेबानं पंचवीस पट मोठा राक्षस, साडेबारा फूट. घरच्या टबासाठी पुरे. प्रकाश मागून येऊ द्या, म्हणजे रंग दिसत नाही, आकार तेवढा दिसतो. दोरा ओढणाऱ्यानं ओढताना थांबत थांबत ओढायचं. जिवंत प्राणी एका वेगानं पोहत नाही.

राक्षस चित्रात जास्तीत जास्त चार सेकंद ठेवा. उरलेला वेळ काठावर उभ्या माणसाचा चेहरा दाखवा, आणि त्याला बोलायला काहीतरी द्या. टबाची कड दिसत नाही ना ते तपासा. आणि घंगाळ घेण्याआधी आईला विचारा, दिवाळी जवळ आली असेल तर ते मिळायचं नाही.